अमोनाची टेकडी कोणाची?

माळावरचा

६ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, ६० विरुद्ध ५२ मतांनी एक कायदा संमत केला. १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यात असलेल्या वेस्ट बँकेत पॅलेस्टिनी लोकांच्या खाजगी जमिनींवर उभी राहिलेली इस्रायली घरे नियमित करून घेण्यासाठी तो होता. ज्या वस्तीमुळे या कायद्याची मागणी पेटली, ती अमोना नावाची वस्ती त्याच्या चारच दिवस आधी पोलिसांनी रिकामी केली होती. त्याहून विचित्र गोष्ट अशी की, अमोनाला वाचवण्यासाठी मसुद्यात घातलेले कलम सत्ताधारी आघाडीतल्याच एका पक्षाच्या आग्रहामुळे आधीच वगळले गेले होते. झालेल्या न्यायालयीन निकालावर कायदा करून बोळा फिरवायला तो पक्ष तयार नव्हता. जिच्यासाठी कायदा झाला, तिला तो लागू झालाच नाही.

या प्रश्नावर मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा युद्धांविषयी, नेत्यांविषयी आणि संयुक्त राष्ट्रांतल्या ठरावांविषयी असते. मला एका लहानशा टेकडीविषयी लिहायचे आहे, कारण या टेकडीचा वाद मुळात मालकी हक्काचा होता आणि तो त्याच नजरेने पाहिला तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

अमोना रामल्लाहच्या ईशान्येला, ओफ्रा या मोठ्या वसाहतीच्या अगदी डोक्यावर होती. नाव बायबलमधले आहे. यहोशवाच्या पुस्तकात बन्यामीन वंशाच्या गावांची यादी आहे, तिच्यातल्या एका गावावरून ते घेतले. खुद्द ओफ्राची सुरुवात १९७५ ची. जॉर्डनच्या सैन्याचा सोडून दिलेला तळ तिथे होता. कामगारांची छावणी म्हणून काही तरुण राहायला आले आणि पुढे ती छावणी गाव झाली. १९९५ च्या सुमारास ओफ्रातल्याच तरुण जोडप्यांनी वरच्या टेकडीवर चाके लावलेली तयार घरे नेऊन ठेवली. हिब्रूत अशा वस्तीला ‘मआहाज’ म्हणतात. सरकारचा ठराव नाही, मंजूर आराखडा नाही, बांधकामाचा परवाना नाही, अशी ही वस्ती. इस्रायली कायद्याच्या नजरेत वसाहत आणि मआहाज यांच्यात मोठा फरक आहे, तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या नजरेत तो जवळपास नाहीच. वाचताना हे दोन चष्मे वेगळे ठेवावेत, अन्यथा पुढचे सगळे गोंधळाचे वाटेल.

परवाना नसलेल्या टेकडीवर वीज, पाणी आणि रस्ता मात्र पोहोचला. अशा वस्त्यांची चौकशी करण्याचे काम पंतप्रधान एरियल शेरॉन यांनी तालिया ससोन या माजी सरकारी वकिलांकडे सोपवले होते आणि मार्च २००५ मध्ये त्यांचा अहवाल आला. सरकारची वेगवेगळी खाती, सरकारच्याच कायद्याला बगल देऊन, या वस्त्यांना पैसा आणि सोयी पुरवत होती, हे त्यांनी कागदोपत्री दाखवून दिले. शेरॉन यांनीच परराष्ट्रमंत्री असताना, नोव्हेंबर १९९८ मध्ये, वसाहतवाद्यांना धावत जाऊन टेकड्या ताब्यात घेण्याचे आवाहन केले होते. हे लक्षात ठेवले तर त्या अहवालाला एक कडवट चव येते.

याच सुमारास टेकडीवर नऊ पक्की घरे उभी राहिली. ‘पीस नाऊ’ या इस्रायली संघटनेने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. घरे पाडण्याचे आदेश सरकारनेच काढले आहेत, मग त्यांची अंमलबजावणी का होत नाही, एवढाच तिचा रोख होता. १ फेब्रुवारी २००६ रोजी ती घरे पाडली गेली. त्या दिवसाची पार्श्वभूमी सांगायला हवी. जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २००५ मध्ये, गाझा पट्टीतल्या सगळ्या वसाहती उठवल्या गेल्या होत्या आणि त्या वेळी आपण फार सहज हार मानली अशी सल धार्मिक-राष्ट्रवादी तरुणांच्या मनात होती. शेरॉन जानेवारीत पक्षाघाताने कोसळले होते, एहूद ओल्मर्ट काळजीवाहू पंतप्रधान होते आणि निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. हजारो निदर्शक टेकडीवर जमले, छपरांवरून दगड आणि विटा आल्या, घोडेस्वार पोलीस गर्दीत घुसले. दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेहून अधिक लोक जखमी झाले आणि त्यांत एफी एताम आणि आर्येह एल्दाद हे क्नेसेटचे दोन सदस्यही होते. इस्रायलमध्ये आजही ‘अमोना’ म्हटले की अनेकांना आधी तो दिवस आठवतो.

नऊ घरे गेली, तरी बाकीची वस्ती होती तिथेच राहिली. कायद्याच्या दृष्टीने खरी लढाई २००८ मध्ये सुरू झाली, कारण या वेळी न्यायालयात स्वतः जमीनमालक आले. सिलवाद आणि आसपासच्या गावांतल्या या पॅलेस्टिनी मालकांच्या वतीने ‘येश दीन’ या इस्रायली मानवाधिकार संस्थेने याचिका दाखल केली. संस्थेच्या नावाचा अर्थ ‘कायदा आहे’ असा होतो. ही जमीन आमच्या नावावर आहे, आम्ही ती विकलेली नाही, तिच्यावर दुसऱ्याची घरे आहेत आणि आम्हाला तिथे जाता येत नाही, एवढेच याचिकेचे म्हणणे होते. सरकारनेही जमीन खाजगी असल्याचे नाकारले नाही. सरकार फक्त मुदत मागत राहिले. आधी २०१२ च्या अखेरपर्यंत, मग आणखी थोडी, मग आणखी थोडी.

मधल्या काळात रहिवाशांच्या बाजूने असे सांगण्यात आले की काही तुकडे रीतसर खरेदी केलेले आहेत. पोलिसांनी तपास केला आणि २०१४ मध्ये खरेदीची कागदपत्रे बनावट असल्याचे समोर आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला न्यायालयाने अंतिम निकाल दिला. त्यानुसार संपूर्ण वस्ती दोन वर्षांत, म्हणजे २५ डिसेंबर २०१६ पर्यंत, हटवायची होती.

ही दोन वर्षे पर्याय शोधण्यासाठी होती, पण सरकारने त्यांतला बराचसा काळ नुसता जाऊ दिला. अगदी शेवटी एक तोडगा निघाला. त्याच टेकडीवर शेजारी ‘गैरहजर मालकांची’ म्हणून सरकारी रखवालदाराच्या, म्हणजे अशा मालमत्ता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ताब्यात असलेली जमीन होती, तिच्यावर २४ घरे हलवायची. रहिवाशांनी डिसेंबरमध्ये मतदान करून तो स्वीकारला आणि न्यायालयाने मुदत ८ फेब्रुवारीपर्यंत वाढवून दिली. पण त्या जमिनीवरही पॅलेस्टिनी मालकांनी हक्क सांगितला आणि १ फेब्रुवारीला न्यायालयाने तो तोडगाही रद्द ठरवला. त्याच दिवशी सकाळपासून बिनशस्त्र पोलीस टेकडीवर चढू लागले होते. सुमारे चाळीस कुटुंबे होती. बाहेरून आलेले शेकडो तरुण मात्र आत कोंडून बसले, त्यांतले शेवटचे सिनेगॉगमध्ये. २ फेब्रुवारीला तेही बाहेर काढले गेले.

यात जिंकले कोण, यावर मंडळींचे मत वाचायला आवडेल. माझे मत निकालावरून दिसते तितके सरळ नाही; ते चर्चेच्या ओघात मांडतो.

फेरफार

माळावरचा यांस, लेख आवडला. माझी उभी हयात भूमी अभिलेखाच्या कामात गेली असल्यामुळे माझे लक्ष नको तिथे जाते. आपण ‘नावावर आहे’ असे लिहिले आहे, पण नाव कशावर आहे? तिथे सातबाऱ्यासारखा उतारा असतो का? आणि असल्यास तो कोणत्या राजवटीचा? तुर्क, इंग्रज, जॉर्डन आणि १९६७ नंतर इस्रायली लष्कर अशा चार राजवटी तिथे होऊन गेल्या. आपल्याकडे एका पेशवाई सनदेवरून तीन पिढ्या कोर्टात जातात, तर तिथे काय होत असेल याची कल्पना करवत नाही.

माळावरचा

फेरफार यांस, आपले लक्ष नेमके हवे तिथेच गेले आहे.

वेस्ट बँकेत नोंदणीच्या दफ्तराला अजूनही तुर्की काळातल्या ‘ताबू’ याच नावाने ओळखतात. पायाभूत कायदा १८५८ चा उस्मानी जमीन कायदा आहे. त्यानुसार बहुतेक शेतजमीन ‘मिरी’ प्रकारची, म्हणजे अंतिम मालकी सुलतानाची आणि कसण्याचा वंशपरंपरागत हक्क रयतेचा. सलग दहा वर्षे वहिवाट केली की हक्क पक्का होतो आणि विनाकारण तीन वर्षे पडीक ठेवली की सरकार ती परत घेऊ शकते. आपल्याला हे ओळखीचे वाटेल. मोजणी करून नावानिशी नोंद करण्याचे काम इंग्रजांनी सुरू केले आणि जॉर्डनने चालू ठेवले, पण १९६७ पर्यंत वेस्ट बँकेचा साधारण एकतृतीयांश भागच पूर्ण झाला होता. १९६८ मध्ये इस्रायली लष्करी प्रशासनाने आदेश काढून ही प्रक्रिया थांबवली.

त्यामुळे दोन प्रकारच्या जमिनी उरल्या. जिथे नोंद झाली होती तिथे मालकाच्या हातात भक्कम कागद आहे. जिथे झाली नव्हती तिथे वहिवाट सिद्ध करावी लागते आणि खडकाळ डोंगरउतारावर ती सिद्ध करणे किती अवघड असते हे आपल्याला मी सांगायला नको. या दुसऱ्या प्रकारातली जमीन पुढे मोठ्या प्रमाणावर ‘सरकारी जमीन’ म्हणून घोषित झाली. १९७९ नंतरच्या काळात असे सुमारे ९ लाख दुनाम घोषित झाले. एक दुनाम म्हणजे हजार चौरस मीटर, म्हणजे आपले जवळपास दहा गुंठे.

अमोनाची टेकडी पहिल्या प्रकारात पडली. तिथले तुकडे जॉर्डनच्या काळात मोजून नावानिशी ताबूत चढले होते. म्हणून सरकारी वकिलांनाही मालकी नाकारता आली नाही. त्याच गावाची बिननोंदीची एखादी टेकडी असती तर हा खटला बहुधा याच पद्धतीने उभाच राहिला नसता.

दुसरी बाजू

लेख माहितीपूर्ण आहे, पण तो एका बाजूने कललेला वाटला, म्हणून लिहितो. या भागाला ज्यू परंपरेत यहूदा आणि शोमरोन म्हणतात आणि त्या मातीशी त्या समाजाचे नाते उस्मानी कायद्याहून कितीतरी जुने आहे. १९४८ ते १९६७ या काळात जॉर्डनने हा भाग स्वतःला जोडून घेतला होता आणि त्या विलीनीकरणाला ब्रिटनसारख्या मोजक्याच देशांनी मान्यता दिली होती. तेव्हा हा भूभाग ‘दुसऱ्या देशाचा’ होता असेही म्हणता येत नाही. इस्रायल सरकार त्याला वादग्रस्त भूभाग म्हणते ते त्याचमुळे.

दुसरे असे की, अमोनातली कुटुंबे वीस वर्षे तिथे राहिली, त्यांची मुले तिथे जन्मली, सरकारने रस्ता दिला, वीज दिली, सैन्याने पहारा दिला. मग एके दिवशी सरकारच येऊन सांगते की हे सारे बेकायदा आहे. आपल्याकडे गुंठेवारीची घरे दंड भरून नियमित होतातच ना? मूळ मालकाला बाजारभावाहून जास्त भरपाई देऊन राहत्या घरांना अभय दिले, तर त्यात इतके गैर काय? २०१७ च्या कायद्यात तेच होते.

माळावरचा

दुसरी बाजू यांस, आपले पहिले म्हणणे इस्रायली सरकारची अधिकृत भूमिका आहे आणि ती इथे मांडली गेली हे बरेच झाले. पण सार्वभौमत्वाचा प्रश्न वेगळा आणि एखाद्या शेताच्या मालकीचा वेगळा. राज्य कोणाचेही असो, शेत ज्याचे त्याचेच राहते. १९०७ च्या हेग नियमावलीचे कलम ४६ खाजगी मालमत्ता जप्त करू नये असे सांगते आणि इस्रायलचे सर्वोच्च न्यायालय हेग नियमावली वेस्ट बँकेतल्या लष्करी प्रशासनाला बंधनकारक मानत आले आहे. अमोनाच्या निकालाला बायबलमधला हक्क खरा की खोटा हे ठरवण्याची गरजच पडली नाही.

रहिवाशांविषयी आपण जे लिहिले त्यातला सरकारच्या वागण्याचा भाग मला पटतो. ज्या खात्यांनी खांब रोवले त्यांच्यापैकी कोणाला झळ लागली नाही आणि सामान घेऊन उतरावे लागले ते मुलाबाळांना. मात्र २००६ मध्ये नऊ घरे डोळ्यांदेखत पडल्यानंतर आणि २००८ मध्ये मालकांनी याचिका केल्यानंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे म्हणणे टिकत नाही.

गुंठेवारीची तुलना मला जमत नाही. गुंठेवारीत प्लॉटधारकाने बहुधा मूळ शेतकऱ्याकडूनच जागा विकत घेतलेली असते. उणीव असते ती तुकडेबंदीची, बिगरशेती परवान्याची किंवा आराखड्याच्या मंजुरीची. अमोनात मालकाने जागा विकलेलीच नव्हती. २०१७ च्या कायद्याने त्याला बाजारभावाच्या १२५ टक्के भरपाई किंवा शक्य असल्यास पर्यायी जमीन असे दोन पर्याय दिले होते, पण ‘नाही’ म्हणण्याचा पर्याय दिला नव्हता. शिवाय गुंठेवारीचा कायदा करणाऱ्या विधानसभेला शेतकरीही मत देतो आणि प्लॉटधारकही. क्नेसेटला सिलवादचा शेतकरी मत देत नाही. ज्याच्या जमिनीचा कायदा, त्याला तो करणाऱ्या सभागृहात कोणी विचारलेच नव्हते.

अलिबागकर

थोडे विषयाला धरूनच एक खुलासा करतो. आमचे बेने इस्राएल नातेवाईक पन्नास-साठ वर्षांपूर्वी इथून गेले आणि त्यांतले बरेच रामलामध्ये आहेत, काही दिमोनाला, काही अश्दोदला. वर्तमानपत्रात रामल्लाहजवळ गोळीबार झाल्याची बातमी आली की इथून काळजीचे फोन जातात आणि दरवेळी त्यांना सांगावे लागते की आम्ही रामल्लाहला नाही, रामलाला राहतो. रामला १९४९ च्या युद्धबंदी रेषेच्या आत, तेल अवीवच्या बाजूला आहे. रामल्लाह वेस्ट बँकेत. या धाग्यातली ‘वसाहत’ म्हणजे त्या रेषेपलीकडे १९६७ नंतर वसलेली वस्ती. मराठी बातम्यांत मोशाव आणि किब्बुत्स ही सहकारी शेतीची गावे, नव्या स्थलांतरितांची शहरे आणि वेस्ट बँकेतल्या वस्त्या या साऱ्यांना एकच ‘वसाहत’ शब्द वापरतात, त्याने फार घोटाळा होतो. माझ्या आत्येभावाला कोणी वसाहतवाला म्हटले तर तो रागावेल आणि ओफ्रातल्या माणसाला म्हटले तर त्याला कदाचित अभिमान वाटेल.

नीरा

अमोनाची मुळे १९७९ मधल्या एलोन मोरे खटल्यात आहेत, म्हणून तो इथे सविस्तर सांगते.

तोपर्यंत वसाहतींसाठी खाजगी जमीन घ्यायची झाली तर लष्कर ‘सुरक्षेची निकड’ असे कारण देऊन ती तात्पुरती ताब्यात घेत असे. बेत एल वसाहतीच्या खटल्यात न्यायालयाने ते मान्यही केले होते. नाब्लुसजवळच्या रुजेब गावाची जमीन एलोन मोरे वसाहतीसाठी अशीच घेतली, तेव्हा तिथले मालक न्यायालयात गेले. सरकारच्या वतीने सरसेनापतींनी शपथपत्र दिले की ही जागा सुरक्षेसाठी आवश्यक आहे. मालकांच्या बाजूने माजी सरसेनापती हाइम बार-लेव यांनी उलट शपथपत्र दिले की तिचा तसा काही उपयोग नाही. न्यायालयासाठी हेच पुरेसे नवलाचे होते, पण सरकारची बाजू खरी ढासळली ती वसाहतवाद्यांच्याच शपथपत्राने. त्यांनी निक्षून सांगितले की आम्ही इथे सुरक्षेसाठी आलेलो नाही, देवाने दिलेल्या भूमीत कायमचे राहायला आलो आहोत. मग न्यायमूर्ती मोशे लँडाऊ यांच्या पीठाला विचारणे भागच होते की कायमची वस्ती आणि तात्पुरता लष्करी ताबा यांचा मेळ कसा बसायचा? २२ ऑक्टोबर १९७९ रोजी जमीन परत करण्याचा आदेश झाला.

वसाहतवाद्यांचा प्रामाणिकपणा त्यांना नडला, असे मला हा खटला वाचताना दरवेळी वाटते.

या निकालानंतर दोन गोष्टी घडल्या. एलोन मोरे दुसऱ्या डोंगरावर हलवली गेली आणि ती आजही आहे. आणि सरकारने खाजगी जमिनीचा नाद बराचसा सोडून, माळावरचा यांनी वर सांगितलेला ‘सरकारी जमीन’ घोषित करण्याचा मार्ग धरला. खाजगी जमीन सोडा, बाकीचे चालेल, असा निकालाचा व्यावहारिक अर्थ लावला गेला. १९९३ मध्ये बारगिल खटल्यात ‘पीस नाऊ’ने वसाहतींच्या संपूर्ण धोरणालाच आव्हान दिले, तेव्हा न्यायालयाने हा राजकीय प्रश्न आहे, आम्ही त्यात पडणार नाही, असे सांगून याचिका फेटाळली. म्हणजे न्यायालयाचा दरवाजा एका फटीपुरताच उघडा होता आणि त्या फटीचे नाव नोंदणीकृत खाजगी मालकी. अमोनाचे मालक त्या फटीतून आत आले.

माळावरचा

नीरा यांस, ‘फट’ हा शब्द अचूक आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम ४९, व्यापलेल्या प्रदेशात स्वतःची नागरी लोकसंख्या वसवू नये असे सांगणारे, जगभर या विषयावर सर्वांत जास्त उद्धृत होते. डिसेंबर २०१६ मध्ये, अमोनाची मुदत संपत असतानाच, सुरक्षा परिषदेने १४ विरुद्ध ० मतांनी ठराव २३३४ संमत केला, अमेरिका तटस्थ राहिली, आणि त्यात कोणत्याही वसाहतीला कायदेशीर आधार नाही असे म्हटले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २००४ आणि जुलै २०२४ अशा दोन सल्लागार मतांत तेच सांगितले. अमोनाच्या मालकांना मात्र यांतल्या कशाचाही आधार घ्यावा लागला नाही आणि घेतला असता तर इस्रायली न्यायालयात तो चालला असता असे वाटत नाही. त्यांनी फक्त आपला कागद दाखवला.

आता माझे राहिलेले मत सांगतो. एलोन मोरेच्या मालकांना एक शेत परत मिळाले आणि त्याच्या मोबदल्यात सरकारला नवी पद्धत सापडली. अमोनातही जवळजवळ तसेच झाले. ३० मार्च २०१७ रोजी मंत्रिमंडळाने अमोनाच्या विस्थापितांसाठी शिलोच्या खोऱ्यात नवी वसाहत मंजूर केली, तिचे नाव अमिहाय. वीस वर्षांहून अधिक काळात सरकारने अधिकृतपणे स्थापन केलेली ती पहिली नवी वसाहत, आणि २०१८ च्या वसंतात कुटुंबे तिथे राहायला गेली. परवाना नसलेल्या वस्तीच्या जागी परवाना असलेली वस्ती आली. वेस्ट बँकेत हजारो नवी घरे बांधण्याच्या घोषणा जानेवारी २०१७ च्या शेवटच्या आठवड्यात झाल्या होत्या, त्यांतली एक तर टेकडी रिकामी करायला सुरुवात होण्याच्या आदल्याच दिवशी. मालक खटला जिंकले हे खरेच, पण ज्या गोष्टीविरुद्ध ते लढले असे बाहेरून वाटते ती गोष्ट हरली नाही.

कलमबहाद्दर

२०१७ च्या कायद्याचे पुढे काय झाले ते कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

त्याला सर्वात आधी आव्हान देणाऱ्यांत सिलवादची नगरपालिका होती, म्हणजे अमोनाच्या मालकांचेच गाव. देशाचे महान्यायवादी अविहाय मंडेलब्लिट यांनी हा कायदा घटनाबाह्य असल्याचे सांगून न्यायालयात त्याचा बचाव करण्यास नकार दिला, त्यामुळे सरकारला खाजगी वकील नेमावा लागला. स्वतःच्या कायद्यासाठी सरकारला बाहेरून वकील आणावा लागण्याची वेळ कुठेही क्वचितच येते. ९ जून २०२० रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ मतांनी कायदा रद्द केला. सरन्यायाधीश एस्तेर हायूत यांनी बहुमताचा निकाल लिहिला. पॅलेस्टिनी रहिवाशांच्या मालमत्तेच्या आणि समानतेच्या हक्काचा हा कायदा अवाजवी भंग करतो, हा त्याचा गाभा होता. वेगळे मत न्यायमूर्ती नोआम सोलबर्ग यांचे होते, आणि ते स्वतः वेस्ट बँकेतल्या अलोन श्वूत वसाहतीत राहतात.

पण गोष्ट इथे थांबत नाही. मित्झपे क्रामीम नावाची आणखी एक छोटी वस्ती आहे, १९९९ ची, कोखाव हशाहार वसाहतीजवळ. तिथली जमीनही खाजगी निघाली. तिच्या रहिवाशांनी १९६७ च्या सरकारी मालमत्तेविषयीच्या लष्करी आदेशाचे कलम ५ पुढे केले. सरकारी रखवालदाराने एखादी मालमत्ता सरकारी समजून सद्भावनेने व्यवहार केला, तर ती मागाहून खाजगी निघाली तरी व्यवहार टिकतो, असे ते कलम. जिल्हा न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केले, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये फिरवले आणि जुलै २०२२ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने फेरसुनावणीत ४ विरुद्ध ३ मतांनी पुन्हा रहिवाशांच्या बाजूने कौल दिला. थोडक्यात, नीरा यांनी सांगितलेली फट आता पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही.

फेरफार

सद्भावनेचे हे कलम वाचून मी थक्क झालो. आपल्याकडेही प्रामाणिक खरेदीदाराला काही संरक्षण असते, पण ज्याने जमीन विकलीच नाही त्या मालकाचा हक्क तिसऱ्याच्या चुकीमुळे जावा, हे पचायला जड आहे. मग अमोनाच्या लोकांनी हेच कलम का वापरले नाही?

कलमबहाद्दर

त्या कलमाला आधी सरकारी रखवालदाराने केलेला व्यवहार लागतो. मित्झपे क्रामीममध्ये सरकारने, लष्करी ताब्याची हद्द चुकीची समजून का होईना, जमीन जागतिक झायोनिस्ट संघटनेला दिली होती आणि तिथून ती रहिवाशांकडे आली होती. अमोनाची जमीन कोणी कोणाला दिलीच नव्हती. लोक वर गेले आणि राहिले. वीज आणि रस्ता म्हणजे वाटप नव्हे.

नीरा

मला एकच विचारायचे आहे. सिलवादच्या लोकांना त्या टेकडीवर पुन्हा नांगर धरता आला का?

माळावरचा

निकालाने मालकी मान्य झाली आणि घरे गेली, पण टेकडीचा रस्ता ओफ्राच्या बाजूने जातो आणि परिसर लष्कराच्या बंदोबस्तात आहे. तिथे जाणे हा मालकांसाठी नुसत्या हक्काचा नव्हे, लष्कराच्या परवानगीचा प्रश्न होऊन बसला. डिसेंबर २०१८ मध्ये ओफ्राजवळ गोळीबाराचे हल्ले झाले, तेव्हा त्याला उत्तर म्हणून वसाहतवाद्यांनी रिकाम्या अमोनावर पुन्हा दोन फिरती घरे नेऊन ठेवली. जमीन आम्ही विकत घेतली आहे, असेच या वेळीही सांगण्यात आले. जानेवारी २०१९ च्या सुरुवातीला पोलीस पुन्हा वर गेले, तेव्हा शेकडो तरुण आधीच जमलेले होते, झटापटीत वीसहून अधिक पोलीस जखमी झाले आणि ती दोन घरे ट्रकवर चढवून खाली आणली गेली.